रात्री पावणेबाराची सोनोग्राफी: धंतोलीतील एका केंद्राविषयी

नागपुरात सोनोग्राफी केंद्रांची वाण नाही. रामदासपेठेतून किंवा धंतोलीतून पायी निघाले, तर दर दोन-चार इमारतींमागे एक पाटी दिसते. वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ येथून आणि थेट छिंदवाडा-बालाघाटकडून आलेली माणसे हातात फाइल घेऊन या पाट्या वाचत फिरताना दिसतात. अशा केंद्रांविषयी जे अभिप्राय लिहिले जातात, ते बहुधा प्रतीक्षागृहातील एसी, काउंटरवरची वागणूक आणि रिपोर्ट किती वेळात हाती पडला एवढ्यापुरतेच असतात. मीही त्याविषयी लिहिणार आहे, कारण या केंद्रात त्या बाबतीत तक्रारीला जागा आहे; परंतु आधी मुख्य गोष्ट. गेल्या मे महिन्यातील एका रविवारी रात्री माझ्या भाचीच्या उजव्या अंडाशयाला पीळ बसल्याचे, म्हणजे तो आपल्या देठावर फिरून त्याचा रक्तपुरवठा अडू लागल्याचे, निदान येथे झाले, आणि त्याच दिवशी दुपारी आम्ही दुसऱ्या एका केंद्रातून ‘रक्तप्रवाह व्यवस्थित’ असा रिपोर्ट घेऊन निर्धास्त मनाने घरी परतलो होतो.

केंद्राचे नाव मी लिहीत नाही. येथील रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांना मी अभिप्राय लिहिण्याविषयी विचारले, तेव्हा नाव घालून केलेली स्तुती म्हणजे जाहिरात आणि ती आमच्या व्यवसायाला शोभत नाही, असे त्या म्हणाल्या. दुपारच्या केंद्राचे नावही त्याच न्यायाने येथे येणार नाही. वाचणाऱ्याला नावापेक्षा काय पाहावे आणि काय विचारावे हे कळणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे मला वाटते.

भाची माझ्या नणंदेची मुलगी. वय एकोणीस, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शिक्षणासाठी मनीषनगरला आमच्याकडे राहते. शनिवारी दुपारी ती कॉलेजातून आली तीच पोट धरून. ओटीपोटात उजवीकडे अचानक कळ आली आणि पाठोपाठ दोन उलट्या झाल्या. बाहेर पंचेचाळीस अंशांचे ऊन होते, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाने ऊन लागल्याचे निदान करून टाकले. कैरीचे पन्हे झाले, कांदा तळपायाला चोळून झाला, आणि तासाभरात कळ खरोखरच ओसरली. आमचे निदान बरोबर ठरल्याच्या आनंदात आम्ही झोपलो. रविवारी सकाळी कळ परत आली, आणि या वेळी ती मांडीपर्यंत उतरत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, अपेंडिक्स किंवा मूतखडा यांपैकी काहीतरी असावे असे सांगून सोनोग्राफी लिहून दिली.

दुपारचे केंद्र घराजवळ होते आणि रविवार असूनही उघडे होते, एवढ्यासाठी आम्ही त्यांचे आभारच मानले. तपासणी सहा-सात मिनिटांत आटोपली. रिपोर्टमध्ये उजव्या अंडाशयात ६.२ सेंटिमीटरची गाठ असल्याचे, अपेंडिक्स दिसत नसल्याचे आणि कलर डॉपलरमध्ये, म्हणजे वाहते रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह आढळत असल्याचे लिहिले होते. खाली ठरलेले वाक्य होते की, रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे. तेथील डॉक्टर म्हणाले, “सिस्ट आहे, पण रक्तपुरवठा चांगला आहे, घाबरू नका, सोमवारी गायनॅकला दाखवा.” त्यांच्या सांगण्यात खोटे काही नव्हते, रक्तप्रवाह खरोखरच दिसला होता. त्या दिसण्याचा अर्थ मात्र आम्हीही चुकीचा लावला आणि त्यांनीही.

रात्री दहाच्या सुमारास भाची जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली आणि काही केल्या सरळ होईना. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी चार प्रश्न विचारले: कळ अचानक सुरू झाली का, मध्येच थांबून परत आली का, उलटी झाली का, आणि गाठ केवढी आहे. चारही उत्तरे ऐकून त्यांनी तिला तडक धंतोलीतील इस्पितळात आणायला सांगितले आणि त्याच इमारतीला लागून असलेल्या या केंद्रातील डॉक्टरांना स्वतः फोन करून बोलावून घेतले. येथे रात्रीची सेवा आहे ती अशी: केंद्र बंद असते, पण डॉक्टर जवळच राहतात आणि शल्यचिकित्सकाचा फोन आला तर वीस मिनिटांत येतात. रुग्णाने थेट दार ठोठावून उपयोग नाही, हे आधीच माहीत असलेले बरे.

आम्ही पोचलो तेव्हा काउंटरवरच्या रात्रपाळीच्या मुलाने सोनोग्राफीचा ठरलेला नियम सांगितला: लिटरभर पाणी पाजा आणि लघवी लागली की आत पाठवा. पोटावरून तपासणी करताना मूत्राशय भरलेले असले, तर आतडी बाजूला सरतात आणि त्या पाण्यातून गर्भाशय व अंडाशय स्वच्छ दिसतात, म्हणून हा नियम आहे आणि एरवी तो योग्यच आहे. परंतु जिला थोड्याच वेळात भूल द्यावी लागण्याची शक्यता आहे आणि जी उलट्या करीत आहे, तिला पाणी पाजणे धोक्याचे. डॉक्टरांनी आल्या आल्या बाटली बाजूला ठेवायला लावली. इस्पितळात सलाइन आधीच सुरू झाले होते, तेवढ्याने मूत्राशय बऱ्यापैकी भरले होते. नसते भरले तर नळी घालून भरता आले असते, असे त्यांनी नंतर सांगितले. तपासणी अडवून धरण्यापेक्षा जसे दिसते तसे आधी पाहून घ्यावे, हा त्यांचा पहिला निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरा निर्णय मला त्या क्षणी खटकला होता, हे प्रामाणिकपणे लिहिते. लघवीवरची गर्भचाचणी झाली आहे का, असे त्यांनी विचारले. मी काहीशा तुटकपणे “मुलगी अविवाहित आहे” असे उत्तर दिले. त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, हा प्रश्न मी प्रत्येक मुलीला विचारते. गर्भनलिकेत गर्भ राहिला तरी असंच दुखतं आणि त्याचे उपचार वेगळे. मला अंदाज नको, उत्तर हवं.” चाचणी इस्पितळात झालेली होती आणि ती नकारार्थी होती. मग त्यांनी मला पाच मिनिटे बाहेर थांबायला सांगितले. आत त्यांनी भाचीला योनीमार्गे करावयाच्या तपासणीविषयी समजावले, त्यात अंडाशय जवळून आणि अधिक स्पष्ट दिसतो हे सांगितले, नको असेल तर पोटावरून जेवढे दिसेल तेवढ्यावर काम भागवू हेही सांगितले, आणि निर्णय तिच्यावर सोपवला. हे मला भाचीकडून चार दिवसांनी कळले. काय ठरले हे तिचे तिला ठाऊक. तपासणी पोटावरून झाली एवढे मी पडद्याबाहेरून ऐकले. आपल्याकडे हा निर्णय बहुतेक वेळा आई, मावशी किंवा मामी परस्पर घेऊन टाकतात आणि डॉक्टरही त्यांच्याकडेच पाहून बोलतात. येथे तसे झाले नाही, याबद्दल या केंद्राला मी पैकीच्या पैकी गुण देते.

प्रत्यक्ष तपासणी पंचवीस मिनिटे चालली आणि मला आत बोलावल्यावर त्यांनी पडद्यावर एकेक गोष्ट दाखवली. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, हे कळल्यावर त्या अधिकच मोकळेपणाने बोलल्या. आधी त्यांनी डावा अंडाशय मोजला, जो दुखत नव्हता. तो तीन सेंटिमीटरच्या आसपास होता. उजवा, गाठीसह, साडेआठ सेंटिमीटर. नुसती गाठ मोठी होती असे नव्हे. गाठीभोवतीचा अंडाशयाचा उरलेला भागही सुजून फुगला होता आणि त्यातील बारीक बीजपुटके, म्हणजे स्त्रीबीजे वाढतात त्या पाणीदार पिशव्या, ज्या एरवी आत विखुरलेल्या असतात, त्या सुजेने कडेला ढकलल्या गेल्या होत्या. काळ्या मण्यांची पोत ताटाच्या कडेने मांडून ठेवावी, तशा त्या दिसत होत्या. गाठीच्या आत एक पांढराशुभ्र गोळा होता आणि त्याच्या मागे सावली पडली होती. ही डर्मॉइड गाठ असावी, तिच्यात चरबी आणि केस असतात, असे त्या म्हणाल्या. अशी पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ असली की अंडाशय जड होतो आणि आपल्या देठावर गरकन फिरण्याचा धोका वाढतो. उजव्या बाजूला हे अधिक घडते, कारण डाव्या बाजूची जागा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणाने बरीचशी अडवलेली असते.

मग त्यांनी प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा दांडा, हळूहळू गाठीपासून गर्भाशयाकडे सरकवत नेला आणि एका जागी थांबल्या. तेथे एकात एक अशी गोल वेटोळी दिसत होती, अगदी चकलीसारखी. प्रोब पुढे-मागे केला की ती वेटोळी फिरल्यासारखी भासत. हा अंडाशयाचा देठ, ज्यातून रक्तवाहिन्या येतात. धुणे पिळताना कापडाला पडतो तसा त्याला पीळ पडलेला. वैद्यकात याला भोवऱ्याची खूण म्हणतात. अंडाशयही आपल्या जागी नव्हता, तो मधोमध गर्भाशयावर येऊन बसला होता आणि गर्भाशय उजवीकडे ओढले गेले होते. पोटाच्या खालच्या खोलगट भागात थोडे पाणी साचले होते. आणि ज्या जागी प्रोब टेकवताच भाची कळवळत होती, ती जागा नेमकी हीच होती. “हे यंत्र सांगत नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “हे तिच्या तोंडाकडे बघून कळतं.”

आता डॉपलरविषयी, कारण दुपारचा रिपोर्ट ज्यावर उभा होता, ते हेच. रात्रीच्या तपासणीतही कलर डॉपलर लावल्यावर अंडाशयाच्या एका बाजूला लाल-निळे ठिपके दिसलेच. माझ्या छातीतली धडधड कमी झाली आणि मी म्हटले, “म्हणजे रक्त पोचतंय.” त्या म्हणाल्या, “पोचतंय, थोडंसं. पण रंग दिसतो म्हणून मी ह्याला नॉर्मल म्हणणार नाही.” पुढची दहा मिनिटे त्यांनी जे सांगितले, ते मी वर्गात बारा वर्षे शिकवत असलेल्या धड्यातून मला कधीच उमगले नव्हते.

ख्रिस्तियान डॉपलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व मी मुलांना अजनीच्या रेल्वेपुलावरून समजावते: गाडी आपल्याकडे येताना तिच्या शिट्टीचा स्वर चढतो आणि पुलाखालून पलीकडे गेली की उतरतो. सोनोग्राफीत शिट्टीच्या जागी रक्तातील पेशींवरून परतणारा ध्वनी असतो. यंत्र त्या चढउताराला रंग देते. नेहमीच्या मांडणीत प्रोबकडे येणारा प्रवाह लाल आणि दूर जाणारा निळा. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध, हा समज चुकीचा आहे, आणि तो माझाही होता हे कबूल करायला हवे. शिवाय प्रवाह प्रोबशी काटकोनात असेल, तर रक्त वाहत असूनही यंत्राला चढउतार जाणवत नाही. कोसाइन नव्वद अंश शून्य, हे सूत्र मीच फळ्यावर लिहिते. हळू वाहणाऱ्या रक्तासाठी यंत्राची वेगमर्यादा खाली आणावी लागते, नाहीतर ते गाळले जाते. म्हणजे रंग दिसला नाही, तर तो यंत्राच्या मांडणीचा दोष असू शकतो.

उलट बाजू याहून महत्त्वाची. अंडाशयाला रक्त दोन वाटांनी येते: एक धमनी थेट महाधमनीतून उतरते आणि दुसरी शाखा गर्भाशयाच्या धमनीकडून येते. देठाला पीळ बसला की आधी दबतात त्या पातळ भिंतींच्या शिरा आणि जास्तीचा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या. रक्त आत येत राहते पण बाहेर पडत नाही, म्हणून अंडाशय सुजतो, आणि म्हणूनच त्याचा आकार ही पहिली साक्ष ठरते. जाड भिंतीच्या धमन्या सर्वांत शेवटी बंद पडतात. पीळ अर्धवट असेल, किंवा भाचीच्या बाबतीत शनिवारी झाले असावे तसा थोडा सुटून परत बसला असेल, तर प्रवाह जवळपास नेहमीसारखाही दिसू शकतो. डॉक्टरांनी धमनीवर खूण धरून तिचा आलेख दाखवला, तो होता. शिरेचा आलेख शोधला, तो मिळाला नाही. थोडक्यात, डॉपलरमध्ये प्रवाह मुळीच नसला तर पिळाचा संशय बळावतो, परंतु प्रवाह असला म्हणून पीळ नाही असे म्हणता येत नाही. दुपारी आम्हाला कोणी एवढे एक वाक्य सांगितले असते, तर आमचे दहा तास वाचले असते.

माझे यजमान तोवर अस्वस्थ होऊन “एकदाचं सीटी करूनच टाका” असे म्हणू लागले होते. नागपुरात आता सीटीची वानवा नाही, आणि मोठे यंत्र म्हणजे मोठे निदान हा विश्वास आपल्यात खोल रुजलेला आहे. डॉक्टरांनी त्यांनाही नीट समजावले. अपेंडिक्स किंवा मूतखड्याच्या संशयाने सीटी आधीच झालेला असेल, तर त्यात फुगलेला अंडाशय, त्या बाजूला ओढले गेलेले गर्भाशय, पिळलेला देठ, भोवतीच्या चरबीतील धूसरपणा हे सारे दिसू शकते, आणि असे दिसल्यावर परत सोनोग्राफी करत बसण्याची गरज नसते. परंतु येथे उत्तर हाती आलेले असताना एकोणीस वर्षांच्या मुलीला क्ष-किरणे देऊन आणखी तासभर घालवण्यात अर्थ नव्हता. एमआरआयमध्ये सूज आणि रक्तस्राव फार छान कळतात आणि गर्भवतीसाठी तो उपयोगी पडतो, पण कळा येणाऱ्या रुग्णाला अर्धा तास निश्चल पडून राहावे लागते. यजमान गप्प बसले, हे आमच्या घरी क्वचित घडते.

या केंद्राच्या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पडद्यावर घडली नाही. तपासणी संपताच, रिपोर्ट टाइप करायच्याही आधी, डॉक्टरांनी हातातले जेल पुसून शल्यचिकित्सकांना फोन लावला आणि तीन वाक्यांत सांगितले की उजव्या बाजूचा पीळ आहे, भोवरा दिसतो आहे, थिएटर तयार करा. पंधरा मिनिटांनी मिळालेल्या छापील रिपोर्टमधील निष्कर्ष मी मुद्दाम मराठीत देते: उजव्या अंडाशयाला पीळ बसल्याची दाट शक्यता, काही धमन्यांत प्रवाह दिसत असला तरी त्यामुळे ही शक्यता नाहीशी होत नाही, शल्यचिकित्सकांशी दूरध्वनीवर बोलणे झाले, वेळ रात्री १२.१०. दुपारच्या आणि रात्रीच्या रिपोर्टमध्ये मोजमापांचा फरक फार नाही. दुपारचा रिपोर्ट मोजमापे देऊन ‘तुम्ही ताडून पाहा’ म्हणाला. रात्रीच्या रिपोर्टने ताडून पाहून आपले मत सहीनिशी लिहिले. रिपोर्टवर वेळ घालण्याची पद्धत तर मी अन्यत्र पाहिलेली नाही.

शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात, कारण हा अभिप्राय इस्पितळाचा नाही. पिळाचे पक्के निदान शेवटी दुर्बिणीतूनच होते, सोनोग्राफी ते करायला लावते. रात्री दीडला दुर्बीण आत गेली, तेव्हा देठाला दोन पूर्ण वेढे बसलेले होते आणि अंडाशय जांभळा-काळा पडला होता. पूर्वी असा अंडाशय मेला असे समजून काढून टाकत, आणि पीळ सोडवला तर गुठळी सुटून फुप्फुसात जाईल अशी भीतीही असे. आता मत बदलले आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेने २०१९ मध्ये किशोरवयीन मुलींबाबत अंडाशय काळा दिसला तरी पीळ सोडवून तो राखावा असेच सांगितले आहे. भाचीचा पीळ सोडवला, गाठ काढली, अंडाशय ठेवला. गाठीत केस निघाले, जे ऐकून तिच्या आईने आर्वीहून फोनवर देवाचे नाव घेतले.

आता केंद्राच्या उणिवा, ज्या आठ आठवड्यांनी फेरतपासणीसाठी दिवसा गेलो तेव्हा ठळकपणे दिसल्या. वेळ अकराची दिली होती, आत बोलावले पाऊण वाजता. प्रतीक्षागृहात सोळा खुर्च्या आणि साधारण तीस माणसे. पंखे जोरात, एसी नावापुरता. भरल्या मूत्राशयाने पावणेदोन तास बसणे काय असते, हे ज्याने वेळापत्रक आखले त्याने एकदा स्वतः अनुभवावे. एका गर्भवतीने शेवटी उठून स्वच्छतागृह गाठले आणि तिला पुन्हा पाण्याची बाटली देऊन रांगेच्या शेवटी बसवले. हे मला मुळीच पटले नाही, आणि तसे मी तेथे बोलूनही दाखवले.

त्याहून गंभीर तक्रार काउंटरची. आत डॉक्टर ज्या मुलीला एकांतात विचारतात, तिलाच बाहेर काउंटरवरची बाई तीस माणसांसमोर मोठ्याने विचारते, “लग्न झालंय का? शेवटची पाळी कधी आली?” प्रश्न आवश्यक आहेत, पाळीच्या तारखेवाचून अंडाशयात दिसते ते नेहमीचे की नाही हे ठरवता येत नाही, आणि भिंतीवर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी ज्या १९९४ च्या कायद्यामुळे लागते, त्याच कायद्यामुळे गर्भवतीच्या तपासणीची नोंद काटेकोर ठेवावीच लागते. पण हे सारे एका छापील कागदावर लिहून घेता येते. भाचीने उत्तर इतक्या हळू दिले की बाईने तिला ते दोनदा म्हणायला लावले. डॉक्टरांना मी हे सांगितले. त्यांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतले, सबब सांगितली नाही. बदल झाला का, हे पुढच्या फेरीला कळेल.

दराच्या बाबतीत तक्रार नाही, पारदर्शकतेच्या बाबतीत आहे. रात्रीच्या तातडीच्या तपासणीचे अडीच हजार रुपये घेतले आणि दिवसाच्या फेरतपासणीचे चौदाशे. दुपारच्या त्या पहिल्या केंद्राने बाराशे घेतले होते. रात्री साडेअकराला घरून उठून आलेल्या तज्ज्ञाच्या पंचवीस मिनिटांसाठी अडीच हजार मला जास्त वाटत नाहीत. परंतु दरफलक कोठेही लावलेला नाही आणि रात्रीचा दर वेगळा असतो हे पैसे भरताना कळते. कोणी नातलगाला घेऊन घाईगडबडीने येतो, तेव्हा तो घासाघीस करणार नाही हे खरेच; म्हणून तर फलक हवा. यूपीआय चालते. रिपोर्ट छापील मिळतो आणि मागितल्यास व्हॉट्सअॅपवरही पाठवतात, मात्र चित्रे सीडीवर हवी असतील तर दुसऱ्या दिवशी यावे लागते.

फेरतपासणीत उजवा अंडाशय ३.२ सेंटिमीटरचा भरला आणि त्यात बीजपुटके आपापल्या जागी विखुरलेली दिसत होती. डॉक्टरांनी मे महिन्यातील चित्र जुन्या नोंदींतून काढून शेजारी लावले आणि भाचीला दोन्ही पाहू दिली. देठ पुन्हा पिळण्याची शक्यता अगदी शून्य नसते, म्हणून तशीच अचानक कळ आणि उलटी झाली तर पन्ह्यावर न थांबता सरळ यायचे, रात्र असली तरी, असे त्यांनी तिला बजावले. तिने माझ्याकडे पाहिले. कांदा चोळण्याची कल्पना माझी होती.

जाणाऱ्यांसाठी एवढेच की, धंतोलीत चारचाकी लावायला जागा मिळत नाही आणि केंद्राच्या तळघरातील वाहनतळ डॉक्टरांच्याच गाड्यांनी भरलेला असतो. दिवसा जायचे असेल तर मेट्रोने काँग्रेसनगर स्थानकावर उतरून पुढे ऑटो करावा. शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत आणि पाणी मात्र नंबर जवळ आल्यावरच प्यावे.